बारा रात्री, सात शहरं

“युरोपला पहिल्यांदाच निघालोय आम्ही, आणि तिकिटं काढायच्या आधीच बोलणं बंद झालंय. सगळ्यांचंच असं होतं का हो?” फोनवर ती एवढंच म्हणाली आणि भेटीची वेळ ठरवली.

मी जोडप्यांचं समुपदेशन करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या खूप जणांचं असं होतं. प्रश्नही बहुतेकांचा तोच असतो: एकाला सगळं बघायचंय, दुसऱ्याला कुठेतरी निवांत थांबायचंय, मग ऐकायचं कोणाचं? त्यांतल्या एका जोडप्याची ही गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लग्नाला १९ वर्षं झालेली. तो लॅपटॉप घेऊनच आला. पॅरिस दोन रात्री, ॲमस्टरडॅम दोन, झुरिक दोन, मिलान एक, व्हेनिस एक, फ्लॉरेन्स दोन, रोम दोन. प्रत्येक गाडीची वेळ, प्रत्येक हॉटेलचं नाव. कित्येक रात्री जागून केलेलं काम होतं ते. मी तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, कारण तोवर कोणीच तो नीट पाहिला नव्हता. ती शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती.

“हिला विचारलं की म्हणते, तू ठरव. ठरवलं की म्हणते, असं कसं ठरवलंस!”

“व्हेनिसला एकच रात्र ठेवलीयस,” ती म्हणाली. “मी तेवढं एकच शहर मागितलं होतं.”

“अगं, पण परत कधी जाणार आहोत आपण?”

हे वाक्य माझ्या खोलीत फार वेळा ऐकू येतं. जोडीदाराला त्यात हव्यास दिसतो. मला बहुधा भीती दिसते: एवढा पैसा, एवढी रजा, आणि काहीतरी राहून गेलं तर? भीतीशी वाद घालून ती जात नाही. म्हणून मी कागद पुढे ओढला आणि त्याच्याच तक्त्यावरून दिवस मोजायला घेतले.

मुक्काम हलवायचा म्हणजे सामान आवरायचं, हॉटेल सोडायचं, स्टेशन गाठायचं, प्रवास करायचा, नवं हॉटेल शोधायचं आणि खोली बहुतेक ठिकाणी दुपारीच मिळते म्हणून बॅगा ठेवून ताटकळायचं. गाडी दोनच तासांची असली तरी अर्धा दिवस जातो. सात शहरं म्हणजे सहा वेळा मुक्काम हलवणं, म्हणजे तीन दिवस. त्यात ॲमस्टरडॅम ते झुरिक गाडीने गेलं तर जवळजवळ अख्खा दिवस. पहिले एक-दोन दिवस शरीराचं घड्याळ जागेवर नसतं, ते वेगळंच. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. “मी गाड्यांचे तासच फक्त धरले होते,” म्हणाला.

लवकर ठरवायच्या घाईचंही एक कारण होतं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी द्यावा लागतो. आपण ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे हा अर्ज करायचा असतो. दिवस सारखे असतील तर ज्या देशात आधी पाय ठेवणार त्याच्याकडे. म्हणजे शहरांची यादी बदलली की कधीकधी अर्ज कुठे करायचा तेही बदलतं. त्यामुळे ‘तिथे गेल्यावर बघू’ इथे चालत नाही. वाद असेल तर तो अर्जाच्या आधीच होऊ द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या भेटीसाठी मी दोघांना एकच काम दिलं. शहराचं नाव न लिहिता त्या सुट्टीतला एक दिवस लिहायचा, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत. एकमेकांना दाखवायचा नाही.

तिच्या कागदावर होतं: गजर नाही. नऊनंतर बाहेर पडायचं. एका चित्रासमोर पाय दुखेपर्यंत उभं राहायचं, कोणी “चल” म्हणायचं नाही. दुपारी त्याच खोलीत परत येऊन पडायचं. संध्याकाळी पाण्याकाठी बसायचं.

त्याच्या कागदावर एकही संग्रहालय नव्हतं. एकही चौक, एकही चर्च नव्हतं. होती ती आगगाडी. खिडकीजवळची जागा, डोंगर, बोगदे, बर्फ. इटलीतल्या तिरानोहून स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला जाणाऱ्या बेर्निना मार्गाबद्दल त्याने पानभर लिहिलं होतं: दातेरी रुळाचा आधार न घेता ही गाडी २,२५३ मीटर उंची गाठते, ब्रुसिओला दगडी कमानींच्या पुलावरून स्वतःभोवती गोल वळून पुढे जाते, आणि २००८ मध्ये या मार्गाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. वाचताना त्याचा आवाजच बदलला होता.

“मग हे तुमच्या तक्त्यात का नाही?” मी विचारलं.

“बसतच नव्हतं. शहरं खूप झाली.”

ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. “मला वाटायचं, तुला सगळ्यांना सांगायला सात नावं हवीत.”

“थोडं ते पण आहे,” तो म्हणाला. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. परत आल्यावर लोक विचारणार, पॅरिस केलं का? नाही म्हणताना ओशाळं वाटेल, ही भीती अनेकांच्या यादीत दोन-तीन शहरं भरते. ती उघड बोलता आली की बरीचशी ओसरते.

मग तिची पाळी आली. सकाळचा गजर तिला का नको, हे तिने १९ वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. झोप मोडली की तिची अर्धशिशी उठते. आधीच्या एका सहलीत तीन दिवस ती ठणकतं डोकं घेऊन सगळ्यांबरोबर फिरली होती. “माझ्यामुळे सहल बिघडली असं ऐकायचं नव्हतं मला.” त्याला हे ठाऊकच नव्हतं. तो नुसता गप्प झाला. त्या गप्पपणात मी मुद्दाम काही बोलले नाही. ‘तू ठरव’ म्हणणाऱ्या माणसाला मत नसतं असं नाही. मत सांगितलं तर कारणही सांगावं लागेल, याची त्याला धास्ती असते.

त्यानंतरचं ठरवणं एका बैठकीत झालं. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. प्रत्येकी तीन रात्री. मुक्काम तीनदाच हलवायचा आणि कोणताही टप्पा अडीच तासांच्या वर नाही: मिलान ते व्हेनिस साधारण तेवढेच, पुढे फ्लॉरेन्सला दोन-सव्वादोन, तिथून रोमला दीड. मिलानला उतरायचं आणि रोमहून परतायचं, म्हणजे उलटं येणं नाही. फ्लॉरेन्सचं उफिझी संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, म्हणून वार बघून तारखा लावल्या. व्हेनिसच्या गल्ल्यांत मोटारी चालत नाहीत, पुलांना पायऱ्या आहेत, तेव्हा बॅगा हलक्या. तिथे २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मुक्काम करणाऱ्यांना ते नाही. हे त्यानेच शोधून काढलं आणि तिला वाचून दाखवलं.

उरली बेर्निना. मिलानहून तिरानो अडीच तास, पुढे सेंट मॉरिट्झ जवळपास तेवढेच, आणि तसंच परत: गाडीत दहा तास. स्वित्झर्लंडही शेंगेनमध्ये असल्याने व्हिसाची अडचण नव्हती. अडचण होती पहाटे निघण्याची. तो लगेच म्हणाला, “राहू दे मग.” इथे मात्र मी मध्ये पडले. दोघांची सुट्टी म्हणजे प्रत्येक तास दोघांनी एकत्र काढायचा, असं कुठे आहे? त्याने एकट्याने जावं, तिने मिलानमध्ये उशिरापर्यंत झोपावं. परक्या देशात बायकोला एकटीला सोडायचं, या विचाराने तो अस्वस्थ झाला. ती अजिबात नाही. शेवटी दिवसातून दोनदा फोन करायचा, एवढ्यावर ठरलं.

पॅरिस गेलं याचं त्याला वाईट वाटत होतं आणि ते मी पुसायला गेले नाही. “पॅरिस सोडतोयस, मला कळतंय,” असं तिने म्हटलं, तेवढं त्याला पुरलं. तुमच्याकडेही कोणी एखादं शहर सोडत असेल तर ‘त्यात काय एवढं’ म्हणू नका.

परतल्यावर दोघं एकदा येऊन गेले. सगळं छान झालं असं नाही. रोममध्ये तीन रात्री अपुऱ्या पडल्या आणि व्हॅटिकनच्या गर्दीत तिचं डोकं उठलंच. पण या वेळी तिने तिथल्या तिथे सांगितलं आणि ते अर्ध्यातून बाहेर पडले. बेर्निनाच्या दिवशी तो रात्री नऊला मिलानच्या खोलीवर पोचला, आणि बूटही न काढता त्या गोल पुलाबद्दल बोलत बसला. ती म्हणाली, “तासभर बोलत होता. मी मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही.”