जीई आधी उरकून घेऊ नका (कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, संगीत घेणाऱ्यांसाठी)

तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्यावर थांबलो: "काउन्सेलर म्हणाले, पहिल्या वर्षी जीई उरकून टाका, संगीताचं पुढच्या वर्षी बघू." (जीई म्हणजे जनरल एज्युकेशन, सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचे सामान्य विषय.) आमच्या घरीही हाच सल्ला मिळाला होता. आम्ही तो जसाच्या तसा मानला आणि एक अख्खं वर्ष हातचं गेलं. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

तुम्ही दिलेली माहिती अशी: मुलगी नऊ वर्षं ख्याल शिकली आहे, हार्मोनियम वाजवते, बे एरियातल्या कम्युनिटी कॉलेजात पहिलं फॉल सेमिस्टर (ऑगस्ट ते डिसेंबर) चालू आहे. १३ युनिट (क्रेडिट), सगळी जीईची, त्यात एक म्युझिक अप्रिसिएशन (संगीत ऐकायची ओळख). पुढे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू) किंवा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसी) परफॉर्मन्सला, म्हणजे गायन-वादनाच्या पदवीला, ट्रान्सफर करायचं आहे. मी काउन्सेलर नाही आणि प्रत्येक कॉलेजाचा कॅटलॉग वेगळा असतो, तेव्हा खालचे आकडे तुमच्या कॅटलॉगशी ताडून घ्या. फी, रेसिडेन्सी, फायनान्शियल एडचा अर्ज वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

"आधी जीई" हा सल्ला इतिहास, मानसशास्त्र, बिझनेस अशा विषयांना चालतो, कारण तिथले मेजरचे (मुख्य विषयाचे) कोर्स एका सेमिस्टरमध्ये दोन-तीन एकदम घेता येतात. संगीतात चार पायऱ्यांची शिडी आहे: थिअरी (संगीताचं शास्त्र) १ ते ४ आणि तिच्या जोडीने म्युझिशियनशिप (कान आणि स्वरवाचनाचा सराव) १ ते ४. एका सेमिस्टरला एकच पायरी. पैसे भरून, जागरणं करून, कशानेही दोन पायऱ्या एकदम चढता येत नाहीत. त्यात बऱ्याच कॉलेजांत थिअरी १ फक्त फॉलमध्ये आणि थिअरी २ फक्त स्प्रिंगमध्ये (जानेवारी ते मे) असते. फॉल चुकला की पुढचा ऑगस्ट.

इथपर्यंतचं लोकांच्या लक्षात येतं. खरा फटका पुढे बसतो, आणि तो काउन्सेलरच्या कार्यालयात आम्हाला कोणीही सांगितला नाही. एका सेमिस्टरचं संगीत साधारण असं असतं: थिअरीची ३ युनिट, म्युझिशियनशिपचं १, क्लास पियानोचं (गटात शिकायचा पियानो) १, अप्लाइड म्युझिकचं (एकेकट्याची शिकवणी) १, कॉयर (समूहगान) किंवा ऑर्केस्ट्राचं १. बेरीज ७. फुल-टाइमला लागतात १२. उरलेली ५ भरून काढायला जीईचे दोन कोर्स हवेत. ते पहिल्याच वर्षात संपवून टाकले, तर पुढची दोन वर्षं रोज कॉलेजात जाऊनही मूल कागदावर पार्ट-टाइम ठरतं. मग फायनान्शियल एडची रक्कम कमी होते आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असेल तर प्रश्न आणखी गंभीर. शेवटी १२ चा आकडा गाठायला नको असलेले कोर्स घ्यावे लागतात. म्हणून जीई पुरवून पुरवून वापरायची, चारही सेमिस्टरांत वाटून.

२०२५ च्या फॉलपासून सुरू करणाऱ्यांना यूसी आणि सीएसयू दोन्हींसाठी कॅल-गेटसी हा एकच जीईचा साचा आहे: ११ कोर्स, ३४ युनिट. संगीताची ७ गुणिले ४ म्हणजे २८. दोन्ही मिळून ६२. म्हणजे दर सेमिस्टरला १५-१६, किंवा १३-१३ घेऊन उरलेले तीन-चार कोर्स उन्हाळ्यात. मी १३ च्याच बाजूचा आहे. संगीतातलं १ युनिट फसवं असतं: म्युझिशियनशिप, क्लास पियानो, कॉयर यांचं युनिट एकेक असलं तरी वर्गात बसायचे तास सहसा आठवड्याला तीन-तीन. ७ युनिटांमागे बारा-तेरा तास वर्गात जातात आणि रियाज वेगळाच.

म्युझिक अप्रिसिएशनबद्दल. तो कोर्स वाया गेलेला नाही, कलांच्या गटात मोजला जाईल. पण तो संगीतेतर विद्यार्थ्यांसाठी आखलेला असतो आणि मेजरच्या संगीत-इतिहासाची जागा घेत नाही. मेजरचा इतिहास बहुतेक विद्यापीठांत तिसऱ्या-चौथ्या वर्षाला, अपर डिव्हिजनमध्ये असतो. काही कम्युनिटी कॉलेजांत मेजरसाठी दोन सेमिस्टरांचा इतिहासही असतो, पण तो कुठे कशाच्या बदल्यात धरतात हे असिस्ट डॉट ऑर्गवर (कुठला कोर्स कुठे चालतो ते दाखवणारी साइट) विद्यापीठ आणि मेजर निवडून बघायचं. समोर कोर्सचं नाव दिसलं तरच धरतात असं समजा. आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस त्याच सेमिस्टरला उतरवून ठेवा. पुढे क्रेडिटसाठी विनंती करायची वेळ आली की तोच मागतात, आणि तोवर कोर्सचं पान बंद झालेलं असतं.

इतिहासाच्या परीक्षेत आपली मुलं सनावळीत कमी पडत नाहीत, ऐकण्यात अडकतात. तुकडा वाजवतात आणि काळ, प्रकार, कारणं लिहायला सांगतात. रागसंगीतावर वाढलेला कान सरळ वरच्या सुरावटीच्या मागे जातो, उत्तर मात्र बरेचदा खालच्या ओळीत असतं. हार्प्सिकॉर्ड आणि चेलो मिळून खालची ओळ अखंड चालवत असतील तर बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५०. पियानोवर डावा हात एकाच कॉर्डचे सूर खालचा-वरचा-मधला-वरचा असे मोडून वाजवत असेल तर १७५० च्या पुढचं. सवय लावायची ती अशी: एकच तुकडा तीनदा ऐकायचा आणि दुसऱ्या वेळी फक्त बास गुणगुणायचा. म्युझिशियनशिपच्या डिक्टेशनलाही (ऐकलेले सूर लिहून काढणं) हाच सराव कामाला येतो.

म्युझिशियनशिपमध्ये ख्यालाचा फायदा आहे, पण आधी विचारून घ्या की डो-रे-मी या पाश्चात्त्य सरगमात मूव्हेबल डो वापरतात की फिक्स्ड डो. मूव्हेबल असेल तर डो म्हणजे आपला सा, कुठल्याही पट्टीतला. फिक्स्डमध्ये डो म्हणजे कायम सी, तिथे आपली सवय आडवी येते. मूव्हेबलमध्येही एक ठरलेली चूक होते: आपण कोमल आणि शुद्ध दोन्हींना "ग" म्हणतो, तिथे नाव बदलतं. शुद्ध ग म्हणजे "मी", कोमल ग म्हणजे "मे". कोमल रे "रा", कोमल ध "ले", कोमल नी "ते", तीव्र म "फी". गळा सूर बरोबर लावतो, तोंडातून नाव चुकीचं जातं आणि गुण जातात. आणखी एक, मायनरमध्ये काही शिक्षक ला पासून सुरू करतात, काही डो पासून. डो वाले असतील तर आसावरी थाट डोळ्यांसमोर ठेवला की नॅचरल मायनर तयार. मध्येच पट्टी बदलली की डोसुद्धा सरकतो. सा हलवायची सवय नसल्याने सगळ्यात जास्त मेहनत तिथे लागते.

कॉयरमध्ये तिला "फ्लॅट होतेय" असं सांगितलं तर घाबरू नका. तंबोऱ्यावर जुळलेला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (पियानोच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट) खाली असतो. कान पक्का असल्यामुळेच ते होतं. पियानोची साथ असेल तेव्हा तो किंचित वर लावायचा, एवढंच.

हार्मोनियमवाल्यांची अडचण डाव्या हाताची, तो भात्यावर गेलेला असतो. शिवाय बोटं आपापल्या सोयीने पडतात. सी मेजरला उजव्या हाताची बोटं १-२-३ आणि मग अंगठा खालून आणून १-२-३-४-५. एफ मेजरला मात्र १-२-३-४ आणि मग १-२-३-४. रोज दहा मिनिटं, दोन्ही हात, मेट्रोनोम ६० वर. क्लास पियानो शेवटच्या वर्षासाठी ठेवायचा नाही, थिअरीच्या जोडीनेच घ्यायचा.

ट्रान्सफरचं थोडक्यात, पण हे चुकवू नका. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (कम्युनिटी कॉलेजाची दोन वर्षांची पदवी) असली की सीएसयूमध्ये कुठेतरी प्रवेशाची हमी मिळते. हव्या त्या कॅम्पसची किंवा संगीत विभागाची हमी त्यात नसते, तिथे ऑडिशन असतेच. विद्यापीठाचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचा आणि संगीत विभागाचा वेगळा. काही ठिकाणी आधी रेकॉर्डिंग मागवतात. तारखा विभागाच्या पानावरूनच घ्या. पोहोचल्यावर बऱ्याच ठिकाणी थिअरी आणि पियानोची प्लेसमेंट परीक्षा होते आणि कच्चं निघालं तर तिथे पुन्हा खालच्या पायरीवर बसवतात. म्हणून थिअरी ४ आणि ट्रान्सफर यांच्यात मोकळं वर्ष जाऊ देऊ नये. व्हॉइस परफॉर्मन्सच्या ऑडिशनला सहसा पाश्चात्त्य शास्त्रीय गाणी लागतात, ख्याल चालत नाही. तिचा ओढा आपल्याच संगीताकडे असेल तर यूसीएलएचा (यूसीचं लॉस एंजेलिसचं विद्यापीठ) एथ्नोम्युझिकॉलॉजी (जगभरच्या संगीतपरंपरांचा अभ्यास) विभाग जरूर बघा.

शेजारच्या कॉलेजातून थिअरी घ्यायचा विचार कराल, तर सावध. डी अँझा आणि फुटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर) चालतात, बाकीची बरीच कॉलेजं सेमिस्टरवर. युनिटांचा हिशेब सोपा आहे, सेमिस्टरचं १ म्हणजे क्वार्टरचं दीड. पण तिथल्या अभ्यासक्रमाचे तुकडे वेगळ्या जागी पडतात, मध्येच उडी मारली की काही भाग दोनदा होतो आणि काही होतच नाही. एक अख्खं वर्ष एकाच पद्धतीत करा.

आता तुमच्या हातात काय आहे? स्प्रिंगच्या वेळापत्रकात थिअरी १ आहे का ते आज बघा. असेल तर तिला पुढच्या आठवड्यात, जागा जायच्या आत, त्यात घाला. नसेल तर म्युझिक फंडामेंटल्सची (थिअरीच्या आधीचा पायाभूत कोर्स) ३ युनिट, क्लास पियानोचं १, कॉयरचं १ आणि जीईचे फक्त दोन कोर्स, एकूण ११. बारावं युनिट व्हॉइस क्लासने भरा. अप्लाइडच्या ऑडिशनची तारीख काउन्सेलरला न विचारता थेट संगीत विभागात विचारा, बहुधा ती सेमिस्टरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत असते. फंडामेंटल्स तिला आधीच येत असेल तर क्रेडिट बाय एक्झाम (फक्त परीक्षा देऊन युनिट) मिळेल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.