सातबाऱ्यावर पोटखराबा, नकाशावर रेघ

या महिन्यात आलेल्या पत्रांत अर्ध्याहून जास्त समुद्राची. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे मिळून समुद्राचा एक थेंब नाही आपल्याकडे, पण ज्याच्या केळीला जरा भाव लागला त्याच्या ओट्यावर कोकणातल्या जमिनीचा एजंट येऊन बसतोच, त्यामुळे नवल वाटलं नाही. मी नगररचनेत आरेखक होतो, नोकरीतली सात वर्षं किनाऱ्यावरच्या जिल्ह्यात नकाशे काढण्यात गेली, म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याच गळ्यात मारलाय. वकील नाही मी, हे आधीच सांगतो.

प्रश्न : आबा, राम राम. आम्ही तिघं चुलतभाऊ, केळीची शेती. एक एजंट रत्नागिरी जिल्ह्यातली जमीन दाखवतोय, ३० गुंठे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. सातबाऱ्यावर त्यातले १२ गुंठे पोटखराबा आहेत, खाडीकडे नुसती झुडपं आहेत. तो म्हणतो ती जेसीबीने साफ करून भराव टाकून देतो, आणि सीआरझेड आता ढिला झालाय, ५० मीटर सोडलं की बाकी सगळं मोकळं, बोअर मारा बंगला बांधा. थोरला भाऊ टोकन द्यायला निघालाय. काय करू? — एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, टोकन देऊ नका, आणि हे थोरल्याला वाचून दाखवा, जेवायच्या आधी.

एजंट पूर्ण खोटं बोलत नाहीये, अर्धं खरं बोलतोय आणि ते जास्त वाईट. सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, केंद्राची अधिसूचना, पहिली १९९१ ची, मग २०११ ची, आणि आता २०१९ ची. २०१९ मध्ये ५० मीटरची सवलत आली हे बरोबर, पण ती दाट वस्तीच्या ग्रामीण भागाला, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं जिथे राहतात तिथे. रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी दोनशेच्या आसपास आहे, एखादा कोळीवाडा तेवढा दाट निघेल, पण तुमचा एजंट जिथे नारळाच्या झाडाखाली उभं करून फोटो काढतो तिथे एवढी माणसं असती तर ती जमीन तुमच्यापर्यंत आली नसती. बाकी गावांना समुद्राच्या बाजूने २०० मीटर ना विकास क्षेत्र, म्हणजे नवं घर बांधायला बंद, आणि त्याच्या पुढे ५०० मीटरपर्यंतही नियम आहेतच, तिथे घर म्हणजे तळमजला अधिक एक, उंची ९ मीटरच्या आत, आणि तेही गावकऱ्यांच्या परंपरागत हक्काच्या चौकटीत. खाडीच्या बाजूला मात्र ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. एजंटने खाडीचा आकडा उचलून समुद्राला लावलाय, बहुतेक मुद्दाम.

हे मीटर कुठून मोजायचे, खरी गंमत तिथे आहे. भरतीच्या रेघेपासून मोजायचे, आणि ती रेघ म्हणजे तुम्ही गेलात त्या दिवशी पाणी जिथे होतं ती नव्हे, अमावास्या पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं ती. जमीन दाखवायला नेतात ते नेमकं ओहोटीला, तेव्हा वाळू पार लांबवर उघडी पडते आणि आपल्यासारख्या घाटावरच्या माणसाला वाटतं केवढी मोठी जागा आहे. एकदा पौर्णिमेला भरतीच्या वेळी जा, एजंटला न सांगता. पण डोळ्यांवरही विसंबू नका, रेघ कागदावर आखलेली असते. किनारा व्यवस्थापन आराखडा जिल्ह्याचा असतो १:२५,००० प्रमाणात, त्यावर तुमचे ३० गुंठे जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसतील, म्हणून गावपातळीचा १:४,००० चा नकाशा मागायचा, ज्यावर सर्व्हे नंबर असतात. तो २०१९ प्रमाणे मंजूर झालेला आहे ना हेही विचारायचं, कारण जिल्ह्याचा नवा आराखडा मंजूर झाल्याशिवाय नव्या सवलती लागूच होत नाहीत.

आता ती झुडपं. भाऊ, ती झुडपं नाहीत, ती तिवराची, चिपीची झाडं असणार, म्हणजे कांदळवन. ओहोटीला चिखलातून बोटांसारखी मुळं वर आलेली दिसली का? त्या मुळांनी झाड श्वास घेतं आणि त्यांच्यातच गाळ अडकतो, त्याच गाळात कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं वाढतात. कांदळवन सीआरझेड एकच्या 'अ' वर्गात, सगळ्यात कडक. मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कांदळवन कोणाच्याही मालकीच्या जमिनीवर असो, ते तोडता येत नाही. जेसीबी एजंटचा असेल पण सातबारा तुमच्या नावावर झालेला असेल, मग गुन्हा कोणावर दाखल होतो हे तुम्हीच ठरवा. भराव टाकला की भरतीचं पाणी नाहीसं होत नाही, ते शेजाऱ्याच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, त्याच्या भातखाचरात शिरतं, आणि मग त्या गावात तुम्ही आयुष्यभर 'ते खानदेशवाले' म्हणून ओळखले जाता.

पोटखराब्याबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचंय, राग मानू नका. आपल्याकडे पोटखराबा म्हणजे पिकत नाही ती जागा, नाला, मुरूम, खडकाळ टेकाड. शेतसारा बसवायचा होता तेव्हा हा हिशोब ठीक होता. पण किनाऱ्यावर त्याच शब्दाखाली काय काय बसतं बघा, वाळूच्या टेकड्या पोटखराबा, खाजण पोटखराबा, कांदळवन पोटखराबा. म्हणजे समुद्राला गावात येऊ देत नाही ते सगळं सरकारी कागदावर 'खराब'. मी स्वतः हे पाप केलंय. एका किनारी तालुक्याच्या आराखड्याचं काम होतं, जमीन वापराचा नकाशा रंगवायचा होता, गावकुसाबाहेर पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या मागे एक लांबट पट्टा होता, रेकॉर्डला पडीक. मी तो टेबलावर बसून रिकामा धरला, वरून प्रस्ताव आला, आणि नंतरच्या मसुद्यात तिथे पिवळा रंग भरला गेला, पिवळा म्हणजे रहिवासी. पुढे साइटवर गेलो तर ती वाळूची टेकडी, माथ्यावर केवडा, आणि पायथ्याशी बायका मासळी वाळत घालत होत्या. एका म्हातारीने विचारलं, साहेब, आम्ही मासे आता तुमच्या कचेरीत वाळवायचे का? मला उत्तर आलं नाही. हरकती आल्या, सुनावणी झाली, अर्धा पट्टा वाचला. अर्धा नाही वाचला. किनारा दिल्लीच्या अधिसूचनेत बिघडतो असं लोक म्हणतात, मी तो तालुक्याच्या टेबलावर पिवळ्या पेन्सिलने बिघडताना बघितलाय, माझ्याच हाताने.

बोअरचं राहिलं. तुम्ही यावल-रावेरकडचे, पाणी खाली गेलं की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. पण तिकडे पाणी खाली जात नाही, खारं होतं. किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, हलकं असतं म्हणून. ढोबळ हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी तुम्ही उपसून एक फूट खाली आणली तर खालचं खारं पाणी साधारण चाळीस फूट वर सरकतं. म्हणजे तुमच्या बंगल्याच्या बोअरने शेजारच्या आज्जीच्या विहिरीचं पाणी मचूळ होणार, आणि एकदा खारं झालेलं पाणी गोडं व्हायला कित्येक पावसाळे जातात. म्हणून सीआरझेडमध्ये भूजल उपशावर बंधनं आहेत, २०० मीटरच्या आत तर स्थानिकांच्या स्वतःच्या वापराखेरीज नाहीच.

मग घ्यावी की नाही? शेतकरी आहात, शेतजमीन घेता येते. ना विकास क्षेत्रात बागायत चालते, नारळ सुपारी लावा, कोण अडवत नाही. बंगल्यासाठी घेत असाल तर आधी नगररचनेकडून झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कोणत्या वापराला ठेवलीय त्याचा कागद, आणि त्या तुकड्यापुरता भाग नकाशा काढा, भूमी अभिलेखकडून मोजणीचा नकाशा, आणि हे कागद एजंटने आणलेले नकोत, स्वतः अर्ज करून काढा. मग गावात जाऊन चहा प्या, कोणाच्या तरी अंगणात. त्या ३० गुंठ्यांबद्दल खरी माहिती तिथेच मिळेल.

प्रश्न : मी नंदुरबारला बीएस्सीला आहे. पर्यावरणाच्या पेपरला किनारा संवर्धन आहे. आजी विचारते, आपलं काय शे तठे (काय आहे तिथे)? मलाही तेच वाटतं, आपल्याला कशाला शिकवतात हे? — एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, आजीला सांग, आपली तापी शे तठे. मध्य प्रदेशात मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर वाहते, चांगदेवला पूर्णा मिळते, पुढे गिरणा, पांझरा, गोमाई सगळ्यांना घेऊन प्रकाशावरून उकाईत जाते आणि सुरतच्या पलीकडे डुमसजवळ समुद्रात. किनाऱ्यावरची वाळू आणि गाळ समुद्र तयार करत नाही, बराचसा नद्या आणून देतात. आपण गिरणेतून रात्री ट्रॅक्टर, डंपर भरून वाळू काढतो, हतनूर, उकाई अशा धरणांत गाळ अडतो, म्हणजे समुद्राला द्यायचा हप्ता आपण मधल्यामधे खातो. किनाऱ्याला वाळू मिळाली नाही की लाटा असलेली वाळू खायला लागतात. पेपरात एवढं लिही, आणि गिरणेचं उदाहरण दे, पुस्तकात नसेल ते.

प्रश्न : माझा भाऊ सुरतच्या उधन्यात राहतो, निम्मा खानदेश तिकडेच आहे म्हणा. त्याने तापीकाठी फ्लॅट बघितलाय, बिल्डर म्हणतो सीआरझेड फक्त समुद्राला लागतो, नदीला नाही. खरं का? — वाचक, शिंदखेडा

उत्तर : नाही. भरतीचं पाणी नदीत जिथवर चढतं तिथवर सीआरझेड लागतो, गुजरात असो की महाराष्ट्र, अधिसूचना एकच आहे. हद्द ठरवतात खारटपणावरून, वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्यात दर हजार भागाला ५ भाग क्षार जिथे मिळतात तिथवर. सुरतेत तापीवर सिंगणपोरचा कॉजवे, म्हणजे बंधारावजा पूल, आहे ना, खारं पाणी त्याच्या वर चढू नये हाच त्याचा उपयोग, तेव्हा फ्लॅट कॉजवेच्या खाली की वर हे भावाला आधी विचारा. तिथला नियोजनाचा कायदा आपल्यापेक्षा वेगळा, १९७६ चा, टीपी स्कीम करतात, म्हणजे जमिनी एकत्र करून नवे प्लॉट पाडतात, त्यामुळे त्यातला फायनल प्लॉट नंबर घ्या आणि त्याच्यावरून चौकशी करा. शिवाय ऑगस्ट २००६ चा पूर त्या सोसायटीच्या जागेवर कितव्या पायरीपर्यंत होता ते जुन्या पानटपरीवाल्याला विचारा, बिल्डरला नको.

प्रश्न : आमच्या गावाला समुद्र नाही, पण तापीकाठचं गायरान आणि नाला दोन्हीवर प्लॉटिंगची कुजबुज आहे. किनाऱ्यावर लोक आराखड्याला हरकती घेतात असं वाचलं. आम्हाला जमेल का? मी पहिल्यांदाच निवडून आलेय. — एक सरपंच, शिरपूर तालुका

उत्तर : ताई, जमेल. तिकडे भरतीची रेघ तशी आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी ते लाल यांच्यामध्ये अटींवर. तुमच्या गावाच्या नकाशावर या रेषा आखल्यात का ते पाटबंधारे खात्याला लेखी विचारा, आणि नसतील तर आखून मागा, ग्रामसभेचा ठराव जोडून. हा ठराव मसुदा आराखडा प्रसिद्ध व्हायच्या आधी झालेला असला तर त्याला वजन येतं.

हरकतीत कविता नको. मी सुनावण्यांना बसलोय, 'निसर्गाचा ऱ्हास होईल हो' असं लिहिलेल्या शेकडो अर्जांना एकच उत्तर जातं. ज्या अर्जात गट नंबर होता, गाव नकाशाची झेरॉक्स होती, त्यावर पेनने गोल केलेला होता आणि लिहिलं होतं की या नाल्याने पावसाळ्यात अमुक गटांचं पाणी जातं, बुजवला तर ते शाळेत शिरेल, तो अर्ज बाजूला काढून ठेवावा लागायचा. पुराच्या वेळचे फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतातच, तारखेसकट जोडा. गायरान सातबाऱ्यावर सरकारी असेल पण वापर गावाचा आहे, कोणाची गुरं चरतात, कुठे पाणी मुरतं, सगळं लिहा, नाहीतर माझ्यासारखा एखादा आरेखक तालुक्याला बसून तिथे 'रिकामी जागा' लिहून मोकळा होईल. मुदत चुकवू नका, जाहिरात येते त्या दिवसापासून दिवस मोजले जातात, तुम्हाला कळतं त्या दिवसापासून नाही, म्हणून नोटीस बोर्डावर आणि स्थानिक पेपरात कोणाला तरी लक्ष ठेवायला बसवा, रिटायर गुरुजी असतील तर उत्तम, त्यांना तेवढंच काम.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गट नंबर आणि तालुका लिहाच, नुसतं 'आमची जमीन' लिहिलं तर मी काय सांगणार. नकाशा पाठवणार असाल तर उत्तर दिशा दाखवा.