माळ्यावर सापडलेल्या पोकेमॉन कार्डांना किंमत येते का? आणि '१५१' मधलं भारी कार्ड ओळखायचं कसं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: लहानपणच्या कार्डांचे पैसे होतील का, आणि भाच्यासाठी घेतलेल्या '१५१' या सेटच्या पाकिटांतून भारी कार्ड निघालं तर कळणार कसं?

पहिल्याचं उत्तर कडू आहे, म्हणून आधी उरकतो. तुम्हीही नाशिकचेच म्हणताय, म्हणजे ती कार्डं शाळेसमोरच्या टपरीवरची असणार. २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन लागायला लागलं आणि आमच्या सिडकोत बोरकुटाच्या पुड्यांशेजारी कार्डांची पाकिटं लटकली. माझ्याकडे शंभरावर होती. निम्मी मधल्या सुट्टीत जिंकलेली. कार्ड पालथं ठेवायचं, शेजारी तळहात आपटायचा, हवेनं उलटलं की आपलं.

सगळी नकली निघाली! परवा एका कॉलेजातल्या पोरानं माझा चारिझार्ड, म्हणजे आग ओकणाऱ्या पोकेमॉनचं कार्ड, मोबाईलच्या टॉर्चवर धरला आणि त्यातून त्याची बोटं दिसली. अस्सल कार्डाच्या मध्ये गडद थर असतो, उजेड सहज आरपार जात नाही. कड डोळ्यांजवळ नेली तर बारीक काळी रेघही दिसते. शिवाय माझ्या चारिझार्डची एचपी, म्हणजे कार्डावर छापलेली ताकद, होती ९००. खऱ्याची १२०. तेव्हा ९०० चा केवढा अभिमान होता.

खरा चारिझार्ड म्हणजे १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधला. विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं काढलेल्या त्या सेटमध्ये १०२ कार्डं, त्यातली १६ चमकणारी, आणि चारिझार्डचा नंबर ४/१०२. खालच्या उजव्या कोपऱ्यात गोल असेल तर कॉमन, चौकट असेल तर अनकॉमन, चांदणी असेल तर रेअर. चित्राखाली डावीकडे फर्स्ट एडिशनचा, म्हणजे पहिल्या छपाईचा, शिक्का असलेला आणि कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या पीएसए कंपनीकडून १० पैकी १० मिळवलेला चारिझार्ड २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरला विकला गेला. तुमच्यावर शिक्का दिसला तरी आधी टॉर्च लावा, शिक्काही छापता येतो.

आता '१५१'. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्रजीत आलेला हा सेट फक्त पहिल्या १५१ पोकेमॉनवर आहे. भाच्याचं नाव पुढे करून मामानं पाकिटं फोडावीत यासाठीच काढलाय, असं माझं मत. कार्डाच्या तळाशी डावीकडे नंबर बघा. मुख्य सेट १६५ चा, पण एकूण कार्डं २०७. म्हणजे तिरप्या रेघेआधीचा आकडा १६५ च्या पुढे गेला की ते त्या ४२ दुर्मिळांपैकी एक.

एकट्या चारिझार्डवरून सगळं कळतं. ००६/१६५ वर दोन काळ्या चांदण्या, ते डबल रेअर. १८३/१६५ वर दोन चंदेरी, अल्ट्रा रेअर. १९९/१६५ वर दोन सोनेरी, स्पेशल इलस्ट्रेशन रेअर, ज्याच्यामागे सगळे लागलेत. अशी सातच आहेत. तीन सोनेरी चांदण्यांची हायपर रेअर तर तीनच, पण त्यातलं एक 'स्विच' आणि एक साधी एनर्जी, म्हणजे पोकेमॉन नसलेली खेळापुरती कार्डं, त्यामुळे पोरं नाक मुरडतात.

मला विचाराल तर एका सोनेरी चांदणीची सोळा इलस्ट्रेशन रेअर सगळ्यांत देखणी. कार्डभर चित्र, आणि १९९ च्या मानानं खिशाला परवडणारी. एखादं ठरावीक कार्डच हवं असेल तर सुटं घ्या. मी चारमँडरसाठी पाकिटं फोडत बसलो आणि शेवटी १६८ नंबर सुटाच घेतला.

भारी काही निघालं तर लगेच स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ खोळीत, घाला, रबरबँड लावू नका. आणि माझ्याकडे सायडक, १७५ नंबर, डबल आलंय. तुमच्याकडे ड्रॅगोनेअर १८१ जास्तीचं निघालं तर कॉलेज रोडला भेटू.