बॅशमध्ये पॉइंटर नाही, मग फंक्शनमधून अ‍ॅरे बाहेर कशी आणू?

प्रश्न : नमस्कार सर, घरच्या फोटोंचा बॅकअप घ्यायला मी बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कमांड शेलमध्ये, स्क्रिप्ट लिहितोय. एक फंक्शन फायलींची यादी (अ‍ॅरे) जमा करतं आणि इको करतं, म्हणजे छापतं, मी ती बाहेर पकडतो. पण ‘ताईचं लग्न ३’ असं स्पेसवालं नाव आलं की एका फायलीचे तीन तुकडे होतात. एक मित्र म्हणतो इव्हॅल वापर, दुसरा म्हणतो सोड ते, पायथनकडे जा. सी भाषेत अ‍ॅरेचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, दिला की काम भागतं, इथे तसं काहीच नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे ना, आणि तुमच्या कामाला पुरेसं आहे, पायथन शिकायचं तर जरूर शिका पण एवढ्यासाठी नको. इव्हॅलच्या मात्र नादी लागू नका. ते हातात आलेला मजकूर पुन्हा कमांड म्हणून वाचतं, आणि फायलीच्या नावात डॉलर, कंस, सेमीकोलन सगळं चालतं, लिनक्स अडवत नाही, त्यामुळे कुठून तरी डाउनलोड केलेल्या फोटोच्या नावात डिलीटची कमांड लपलेली असली तर तुमची स्क्रिप्ट ती इमानदारीत चालवून मोकळी होईल.

तुम्हाला पाहिजे ते नेमरेफ, म्हणजे दुसऱ्या व्हेरिएबलच्या नावाकडे बोट दाखवणारा रेफरन्स. कॉर्न शेलच्या ९३ आवृत्तीत ते आधीपासून होतं, बॅशमध्ये ४.३ पासून म्हणजे २०१४ ला आलं. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लोकलला (फंक्शनपुरतं व्हेरिएबल बनवणारी कमांड) मायनस एन लावायचं, पुढे रेफरन्सचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि डॉलर एक, म्हणजे फंक्शनला दिलेली पहिली गोष्ट. बाहेरून बोलावताना अ‍ॅरेचं नुसतं नाव द्यायचं, डॉलर न लावता. डॉलर लावलात तर नावाऐवजी आतला पहिला फोटोच जातो आणि बॅश ओरडतं की हे व्हेरिएबलचं नाव नाही. बस, आत रेफरन्समध्ये जे भराल ते थेट बाहेरच्या अ‍ॅरेत पडतं.

आता नीट वाचा, कारण बहुतेक जण इथेच आपटतात. सीच्या पॉइंटरमध्ये मेमरीतला पत्ता असतो, नेमरेफमध्ये असतं फक्त नाव, आणि ते नाव बॅश दर वेळी नव्याने शोधतं, आधी चालू फंक्शनमध्ये आणि मग बाहेर. पाकिटावर खोली नंबर न टाकता नुसतं ‘कुलकर्णी’ लिहिल्यासारखं, चाळीत जो कुलकर्णी आधी भेटेल त्याच्या हातात पाकीट. माझ्या एका स्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या आत काउंट नावाचा लोकल होता आणि बाहेरच्या अ‍ॅरेचं नावही काउंटच ठेवलेलं, तर सगळं त्या लोकलमध्येच जात राहिलं, ना एरर ना वॉर्निंग, बाहेर अ‍ॅरे रिकामी, अख्खा रविवार गेला शोधण्यात. रेफरन्सचंच नाव बाहेरच्या नावाशी जुळलं तर निदान सर्क्युलर नेम रेफरन्स अशी वॉर्निंग तरी येते. म्हणून अशा फंक्शनमधल्या एकूण एक लोकल नावांपुढे दोन अंडरस्कोअर आणि फंक्शनचं नाव लावा, दिसायला घाणेरडं दिसतं पण लावाच. आणि अनसेट, म्हणजे व्हेरिएबल काढून टाकणं, जपून, साधं अनसेट केलं तर मूळ अ‍ॅरेच जाते, फक्त रेफरन्स काढायचा असेल तर तिथेही मायनस एन.

मॅकवर चालवणार असाल तर तिथे येणारं बॅश अजून ३.२ च आहे, ४.० पासून लायसन्स जीपीएल ३ झालं आणि अ‍ॅपलने पुढचं घेतलंच नाही, त्यामुळे मायनस एन तिथे चालणार नाही, होमब्रूने (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं साधन) नवं टाकून घ्या. पुढेमागे अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे लागली तर मात्र बॅश सोडा, पर्लमध्ये १९९४ च्या पाचव्या आवृत्तीपासून खरे रेफरन्स आहेत, पायथनमध्ये तर प्रश्नच येत नाही.

आणखी एक, तुमची आधीची सवय बघता हे सांगायलाच हवं. फंक्शनला आता डॉलर-कंसात बोलावू नका, पाइपमध्येही घालू नका, दोन्हीकडे ते पोटशेलमध्ये, म्हणजे बॅशच्या वेगळ्या प्रतीत, चालतं आणि भरलेली अ‍ॅरे त्याच्याबरोबरच जाते. साध्या ओळीत बोलवा, मग फॉर लूपमध्ये अ‍ॅरे अ‍ॅट लावून डबल कोट्समध्ये घ्या, ‘ताईचं लग्न ३’ एका तुकड्यात येईल.