गायकाची गाणी विकणारी साइट बांधायला घेतली आहेस, तर

नमुना ऐकवण्यासाठी पूर्ण गाण्याची फाइल लावून प्लेअर तीस सेकंदांवर थांबवू नकोस. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये फाइलचा पत्ता दिसतो आणि अख्खं गाणं फुकट उतरवता येतं. ३०-४० सेकंदांचा तुकडा वेगळा कापून ठेव. १२८ केबीपीएसची एमपी३ पुरते. तुकडा कुठला, हे मात्र गायकालाच विचार. ख्यालाची अगदी सुरुवात घेतलीस, तर ऐकणाऱ्याच्या हाती नुसता तानपुरा आणि षड्ज लागेल. बंदिशीचा मुखडा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तो भाग घे, दोन्ही टोकांना हलका फेड दे, म्हणजे आवाज हळूहळू चढू-उतरू दे.

यूपीआयने पैसे देताना माणूस फोनवर दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि पुष्कळदा साइटवर परत येतच नाही. म्हणून ‘धन्यवाद’च्या पानावर विसंबू नकोस. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवेकडून, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून, सर्व्हरला आपोआप येणाऱ्या निरोपाची (वेबहुकची) डिजिटल सही तपास, ती जुळली की गाणं उतरवायची लिंक ईमेलने पाठव. लिंकला मुदत हवी, पण चार-पाच वेळा उतरवता येऊ दे. नेट मध्येच तुटतं, आणि पैसे भरूनही गाणं न मिळालेला श्रोता पुन्हा फिरकत नाही.

विकताना एमपी३सोबत फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइलही दे.

आणि हक्कांचं आधीच बघ. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण चाल संगीतकाराची. भारतात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. गायकाकडे लेखी परवानगी नसेल, तर ते गाणं विकायला लावू नकोस.