डार्टमूरचा उघडा माळ, माउंटन बाइक आणि तुमचा प्रश्न

तुमचा प्रश्न असा आहे: पहिल्यांदाच इंग्लंडमधल्या डार्टमूरला सायकल घेऊन जातोय, उघडाच माळ आहे तर एका टॉरवरून (टेकडीच्या माथ्यावरच्या ग्रॅनाइटच्या खडकांवरून) दुसऱ्या टॉरवर सरळ जाता येईल का, कुठला मार्ग चांगला, आणि हार्डटेल (मागं सस्पेन्शन नसलेली सायकल) चालेल का?

मार्ग आधी सांगतो. प्रिन्सटाउनहून साउथ हेसरी टॉरवरून नन्स क्रॉस, तिथून आइल्सबॅरोची जुनी कथलाची खाण, खाली बर्रेटरचा तलाव आणि जुन्या रेल्वेच्या वाटेनं परत प्रिन्सटाउन. एका दिवसासाठी याहून चांगली राइड डार्टमूरवर मला माहीत नाही. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या "उघडाच माळ आहे तर" या चार शब्दांमुळे. हे शब्द मी आधी ऐकलेले आहेत, नन्स क्रॉसच्या पायथ्याशी उभं राहून.

काही वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. मी आणि माझा तेव्हाचा सायकलमित्र, दोघंच. हेसरी टॉरपर्यंत छान ऊन होतं. नन्स क्रॉस हा ग्रॅनाइटचा एक उंच जुना क्रूस आहे, 1240 च्या हद्दीच्या नोंदीत त्याचा उल्लेख आहे, म्हणजे तेव्हाही तो तिथं होता. तिथं थांबून पाणी प्यायलो. ठरल्याप्रमाणे पुढं आइल्सबॅरोला जायचं होतं. मित्रानं डावीकडं, पूर्वेला बोट केलं. खाली एक रुंद, सपाट, हिरवंगार खोरं आणि त्यापलीकडं फॉक्स टॉर. "तिकडं चाइल्डची समाधी आहे, सरळ कापून जाऊ." मी म्हटलं, नकाशात तिकडं ब्रायडलवे, म्हणजे घोडे आणि सायकलींना मोकळी असलेली वाट, नाही आणि त्या खोऱ्याचं नावच फॉक्स टॉर मायर्स आहे, मायर म्हणजे दलदल. तो म्हणाला, "अरे, उघडा माळ आहे, इथं वाट कशाला लागते?" आणि निघाला.

मी त्याच्या मागं गेलो. तिथंच माझं चुकलं, हे मी आजही मानतो.

पहिलं शे-दोनशे मीटर गवत होतं, चाक फिरत होतं. मग गवताचे गड्डे आणि त्यांच्यामध्ये काळं पाणी. मग एकदम मऊ, पोपटी हिरवं शेवाळ, सुंदर दिसणारं. त्याचं पुढचं चाक त्यात हबपर्यंत गेलं, तो हँडलवरून पुढं पडला आणि उठायला गेला तर मांडीपर्यंत आत. घाबरून पाय जोरानं उपसायला लागला की माणूस आणखी खाली जातो. मी माझी सायकल आडवी टाकली, तिच्यावर पोटावर पसरलो आणि त्याला त्याच्याही सायकलवर आडवं व्हायला सांगितलं. एकेक पाय सोडवायला किती वेळ गेला ते मोजलं नाही. बाहेर आलो तेव्हा धुकं उतरलं होतं आणि क्रूस दिसत नव्हता.

मला एवढंच ठाऊक होतं की पश्चिमेला चढावर डेव्हनपोर्ट लीट आहे. प्लिमथच्या गोदीकडं पाणी नेण्यासाठी अठराव्या शतकाच्या शेवटी खणलेला तो पाट खोऱ्याच्या कडेनं फिरत येतो आणि नन्स क्रॉसजवळ बोगद्यात शिरतो. चढावर चालत राहिलं की तो पाट लागणारच, आणि पाण्याच्या उलट दिशेनं गेलं की व्हाइटवर्क्सला डांबरी रस्ता. तसंच केलं. सायकली ढकलत, ओल्या मोज्यांनी, एक शब्द न बोलता.

पुढच्या आठवड्यात आमच्या ग्रुपमध्ये त्यानं माझ्याबद्दल सांगितलं की हा घाबरला आणि राइड वाया गेली. मी त्या वेळी गप्प बसलो. आज तुमच्या प्रश्नाच्या निमित्तानं बोलतो.

पहिली गोष्ट, आपला "माळ" हा शब्द इथं फसवतो. माळ म्हटलं की आपल्याला कोरडं, टणक, निचऱ्याचं रान दिसतं. मूर तसा नसतो. खाली ग्रॅनाइट, त्यातून पाणी फारसं झिरपत नाही. प्रिन्सटाउनला वर्षाला साधारण 2000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो कुठल्या एका ऋतूत पडून संपत नाही. त्या पाण्यात गवत, शेवाळ पूर्ण कुजत नाही, थरावर थर साचतात आणि त्याचं पीट होतं. म्हणून इथं उलटं घडतं: डोंगराचा सपाट माथा सगळ्यांत ओला आणि टॉरच्या उताराची बाजू सायकलला बरी. लांबून जे मैदान दिसतं ते पाण्यानं भरलेला स्पंज असतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. 1985 च्या डार्टमूर कॉमन्स कायद्यानं सामाईक जमिनीवर फिरायचा हक्क दिला तो पायी आणि घोड्यावरून. सायकल त्यात नाही. सायकलवाल्यांना ब्रायडलवे मिळाले ते 1968 च्या कंट्रीसाइड कायद्यानं, आणि तेही पादचाऱ्यांना व घोडेस्वारांना आधी वाट द्यायच्या अटीवर. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्यामुळं सायकललाही मोकळीक आहे, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इथं येऊ नका. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा संस्थेचा ओएल 28 नकाशा घ्या. लांब हिरव्या तुटक रेघा म्हणजे ब्रायडलवे, आखूड हिरव्या रेघा म्हणजे फुटपाथ, तिथं सायकल नाही. मात्र हिरवी रेघ हक्क सांगते, जमिनीवर वाट दिसेलच असं नाही. ती शोधावी लागते.

आणि तिसरी, जी मला त्या मित्राला खरोखर सांगायची होती. पुढच्या एप्रिलमध्ये मी एकटा, पायी, तिथं परत गेलो. आमच्या चाकांच्या दोन खुणा शेवाळात तशाच होत्या, पाण्यानं भरलेल्या, नाल्यासारख्या. सहा महिन्यांत त्या बुजल्या नव्हत्या. पीट अत्यंत सावकाश तयार होतं. एकानं कापलेली खूण दुसरा वाट समजतो, पाणी तिथून वाहायला लागतं आणि ती रुंदावत जाते. मी घाबरलो असं तो म्हणाला त्याचं मला दुःख नाही. त्या खुणांमध्ये एक माझी आहे याचं आहे.

आता पुन्हा तुमच्या राइडकडं. मी सांगितलेल्या मार्गाची मजा ही आहे की त्यातली जवळजवळ प्रत्येक वाट कुणीतरी कामासाठी बांधलेली आहे, त्यामुळं ती वजन पेलते. आइल्सबॅरोला वाटेच्या बाजूनं ग्रॅनाइटच्या बुटक्या दगडांच्या जोड्या रांगेनं दिसतात. खालच्या पाणचक्कीपासून वर खाणीतल्या पंपापर्यंत जाणारे लोखंडी दांडे त्यांच्यावर टेकवलेले असत. तिथून बर्रेटरकडचा उतार दगडी आणि वेगवान आहे, वाटेवरचं पाणी बाजूला वळवायला आडवे बसवलेले दगड आहेत, त्यांच्या धारेवर ट्यूब फुटते. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर असतील तर उत्तम, नाहीतर हवा जरा जास्त ठेवा.

बर्रेटरहून वर चढून रेल्वेची वाट गाठा. 1823 ला इथं घोड्यांनी ओढायचे डबे होते, 1883 ला त्याच मार्गाचा बराच भाग घेऊन वाफेची गाडी आली आणि 1956 ला बंद झाली. गाडीला चढ झेपावा म्हणून वाट किंग्ज टॉरला मोठा वळसा घालते, आणि तोच वळसा थकलेल्या पायांना वाचवतो. स्वेलटॉर खाणीजवळ थोडं थांबा. 1900 नंतर लंडन ब्रिज रुंद करताना घडवलेले आधाराचे दगड तिथं गवतात रांगेनं पडलेले आहेत, कधी पाठवलेच गेले नाहीत. छिन्नीचे घाव अजून स्पष्ट आहेत. मी दर वेळी त्यांच्यावरून हात फिरवतो.

दुसऱ्या दिवसासाठी विडिकमहून हॅमेलडाउनची धार. चढ छाती फोडतो, पण वर ब्रायडलवे आहे आणि मला तो नेहमी इतर ठिकाणांपेक्षा कोरडा मिळाला. पलीकडं ग्रिम्सपाउंडची कांस्ययुगीन वस्ती लागते, तिथं सायकल बाहेर ठेवून आत जा. मुलं बरोबर असतील तर ओकहॅम्प्टन ते लिडफर्ड ही ग्रॅनाइट वे नावाची सायकलवाट घ्या, मेल्डनच्या लोखंडी पुलावरून जाते.

हाय विलहेज हा माथा 621 मीटर, डार्टमूरवर सगळ्यांत उंच, म्हणून तिकडं सायकल न्यायचा मोह होईल. नेऊ नका. तो लष्कराच्या गोळीबाराच्या हद्दीत आहे, लाल निशाण वर असलं की पायीसुद्धा जायचं नाही.

हार्डटेल चालेल, मी सगळं हार्डटेलवरच केलंय. ग्रॅनाइटला पकड चांगली असते, ओला असला तरी. ब्रेकपॅड मात्र सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, लावा. झिजलेल्या ग्रॅनाइटची वाळू पाण्याबरोबर ब्रेकमध्ये गेली की साधे रेझिन पॅड एका ओल्या दिवसात संपतात. सुटे पॅड, होकायंत्र आणि कागदी नकाशा बरोबर ठेवा. अडकलात तर 999 ला पोलिस मागा आणि त्यांना माउंटन रेस्क्यू सांगा.

हेही सांगायला हवं: मी गेलो तो ऑक्टोबर ओला होता. कोरड्या उन्हाळ्यात ते खोरं याहून घट्ट असेल, आणि कुणी पायी नीट वाट काढत पलीकडं जातही असेल. सायकलचा मुद्दा त्यानं बदलत नाही. नन्स क्रॉसला पोचलात की डावीकडं खाली ते हिरवं खोरं दिसेल, खूप सुंदर दिसतं. फोटो काढा आणि आइल्सबॅरोच्या वाटेला लागा.