इमारत बंद, शिक्षक अपुरे: ऑनलाइन वर्ग आणि बदली शिक्षकांवर शाळा कशी चालू ठेवावी?

तुमच्या प्रश्नात दोन अडचणी एकत्र आल्या आहेत. इमारत किती दिवस बंद राहील हे सांगता येत नाही, आणि एक तृतीयांश शिक्षक आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणींमुळे येऊ शकत नाहीत. नेहमीचं वेळापत्रक तसंच ऑनलाइन लावलं आणि रिकाम्या तासांना बदली शिक्षक दिले तर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागणार नाही. वेळापत्रक भरलेलं दिसेल, पण आठ-दहा दिवसांत मुलं गळू लागतील. प्रत्येक तासाला समोर वेगळा माणूस असल्यामुळे कोण गळलं हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून वेळापत्रकाला हात लावण्याआधी यादी करा.

हजेरीपट समोर घ्या आणि पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक घरी फोन करा. फोन कुणाचा आहे, तो घरात किती ते किती असतो, त्यावर किती भावंडं शिकणार आहेत, इंटरनेट चालतं का, आणि मामा, आजी, शेजारी असा दुसरा एखादा नंबर आहे का, एवढंच विचारा. ‘स्मार्टफोन आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक घरं ‘हो’ म्हणतात. तो फोन सकाळी आठला कामावर जातो आणि रात्री परततो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. उत्तरांवरून मुलांचे चार गट पाडा: दिवसभर फोन आणि पुरेसा डेटा असलेली, फक्त संध्याकाळी फोन मिळणारी, साधा फोन असलेली, आणि ज्यांच्याशी संपर्कच होत नाही अशी. काम चौथ्या गटापासून सुरू करा. पहिला गट काही दिवस स्वतःचं पाहू शकतो.

आता प्रत्येक मूल एका मोठ्या माणसाच्या नावावर टाका. त्याला संपर्क-शिक्षक म्हणू. एकाकडे १२ ते १५ मुलं, त्याहून जास्त नकोत. हिशेब साधा आहे: १५ मुलांना आठवड्यातून एकदा २० मिनिटांचा फोन केला तर ५ तास लागतात, आणि तेवढे काढता येतात. ४० मुलं दिली तर १३ तासांहून जास्त होतात आणि दुसऱ्याच आठवड्यात फोन बंद पडतात. संगीत, खेळ, ग्रंथालय सांभाळणारे शिक्षक, कार्यालयातले कर्मचारी, सगळ्यांना यात घ्या. विषय शिकवता येत नसला तरी मुलाची खबर घेता येते.

फोनवर एवढा भर का, याला आधार आहे. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोत्सवानात प्राथमिकच्या मुलांवर दोन उपाय ताडून पाहिले गेले. काही घरांना गणिताचे प्रश्न नुसते संदेशातून पाठवले, तर काहींना संदेशासोबत आठवड्यातून एकदा १५-२० मिनिटांचा फोनही केला. फोन गेलेल्या मुलांच्या गणितात ठळक सुधारणा दिसली. नुसत्या संदेशांचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही.

फोनवर काय करायचं हेही ठरलेलं हवं, नाहीतर ‘बरा आहेस ना? अभ्यास कर हं’ यातच वेळ जातो. पहिली तीन-चार मिनिटं विचारपूस, मग एकच उदाहरण. समजा, मुलाला ६३ मधून २८ वजा करायला सांगितलं आणि ते म्हणालं, ‘४५’. लगेच ‘चूक’ म्हणू नका. ‘कसं काढलंस ते मोठ्यानं सांग’ म्हणा. ‘८ मधून ३ गेले ५, ६ मधून २ गेले ४’ असं उत्तर आलं, तर मूल प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय आणि दशक सुटा करणं त्याला समजलेलं नाही, हे तिथेच कळतं. मग काडेपेटीच्या काड्या किंवा कुठलेही दाणे घेऊन दहा-दहाचे सहा गट आणि तीन सुटे मांडायला लावा. २८ उचलताना एक गट सोडावाच लागतो आणि ३५ उरतात. अशी दोन उदाहरणं झाली की वीस मिनिटं संपतात. तारीख, मुलाचं नाव आणि ‘हातच्याची वजाबाकी अडते’ एवढी एक ओळ वहीत लिहा. पुढचा फोन तिथूनच सुरू होतो.

आता ऑनलाइन तासांचं. व्हिडिओ कॉल सरासरी १ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने चालला तर तासाला ४५० एमबी खर्च होतात. ४० मिनिटांचे पाच तास म्हणजे रोजचे सुमारे दीड जीबी, आणि घरात दोन भावंडं असली तर दुप्पट. तेच पाच तास ३२ किलोबिट प्रतिसेकंदाच्या नुसत्या आवाजावर नेले तर ५० एमबीच्या आत भागतं. त्यामुळे समजावून सांगण्याचा भाग ६ ते ८ मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात द्या, सोबत फळ्याचा किंवा पानाचा एक स्वच्छ फोटो. प्रत्यक्ष ऑनलाइन भेट २५-३० मिनिटांची, दिवसाला दोन पुरेत, आणि ती फक्त शंका आणि उत्तरं तपासणं यासाठी. लहान वर्गांत एका भेटीला १०-१२ च मुलं घ्या. चाळीस मुलांच्या भेटीत चार बोलतात, बाकीची कॅमेरा बंद करून बसतात आणि हजेरी मात्र पूर्ण लागते. लॉगिनवरून हजेरी धरूच नका. आठवड्यात एक काम परत आलं किंवा फोनवर बोलणं झालं, तरच मूल हजर समजा.

ध्वनिमुद्रण करताना एक जुनी युक्ती वापरा. १९७० च्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवताना प्रश्न विचारून मुद्दाम थांबत असत. मुलं मोठ्यानं उत्तर देत आणि मग रेडिओ बरोबर उत्तर सांगे. तुम्हीही प्रत्येक प्रश्नानंतर ५ ते १० सेकंद खरोखर गप्प राहा. ही शांतता मुद्रण करणाऱ्याला फार लांब वाटते, म्हणून घड्याळ समोर ठेवा.

ऑनलाइन कामात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो संदेशांचा. विषयागणिक वेगळा ग्रुप निघतो, रात्री अकराला गृहपाठ येतो, आणि पालक हात टेकतात. वर्गाला एकच ग्रुप ठेवा, त्यावर फक्त वर्गशिक्षकच लिहितील, आणि सोमवारी ठरलेल्या वेळी सगळ्या विषयांचं मिळून आठवड्याचं एक पान जाईल. साधा फोन असलेल्या घरांसाठी तेच पान छापून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी. दुसरा गोंधळ गृहपाठाच्या फोटोंचा. ४० मुलं आणि ५ विषय म्हणजे दिवसाला २०० फोटो. शिक्षकाचा फोन भरतो, तपासणी तुंबते आणि मुलांना वाटतं, कुणी बघतच नाही. विषयाला आठवड्यातून एकाच प्रश्नाचा फोटो मागवा आणि तो तीन दिवसांत शेरा लिहून परत करा. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या दिवशी द्या, मुलं स्वतः तपासतील.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगतो. भेटीची लिंक उघड्यावर टाकू नका, प्रतीक्षा-कक्ष (म्हणजे शिक्षकाने आत घेतल्याशिवाय कुणी भेटीत येऊ शकत नाही ती सोय) चालू ठेवा, मुलांना आपला पडदा सगळ्यांना दाखवण्याची (स्क्रीन शेअर) सोय बंद ठेवा. एकट्या मुलाशी बोलायचं तर पालकांच्या नंबरवर आणि घरातलं मोठं माणूस जवळ असतानाच. पासवर्ड नेहमी दोघांकडे हवेत. ज्याच्याकडे ते आहेत तोच आजारी पडला की शाळा तिथेच अडते.

बदली शिक्षकांबाबत नेमकी चूक कुठे होते? बदली शिक्षक वर्गावर जातो, काही माहीत नसतं, म्हणून ‘वाचत बसा’ म्हणतो किंवा आपल्या मनाने नवा धडा सुरू करतो. नवा धडा जास्त त्रासदायक. त्याने वजाबाकी वेगळ्या पद्धतीने दाखवलेली असते, मूळ शिक्षक परतल्यावर पुन्हा आपली पद्धत दाखवतात, आणि आधीच डळमळणारं मूल दोन्हीकडून जातं. म्हणून नियम करा: त्या विषयाचा नसलेला बदली शिक्षक नवा घटक शिकवणार नाही. सराव, वाचन, उजळणी आणि उत्तरं तपासणं हे तो चांगलं करू शकतो, आणि या दिवसांत त्याचीच गरज जास्त असते. नवा घटक उरलेल्या विषयशिक्षकाने मुद्रणातून किंवा दोन-तीन तुकड्यांना एकत्र घेऊन शिकवायचा.

शाळा उघडली पण शिक्षक घरूनच शिकवू शकतात, अशा वेळी जोडी लावा: विषयशिक्षक पडद्यावर, बदली शिक्षक वर्गात. यात चित्रापेक्षा आवाज दगा देतो. लॅपटॉपचा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नाही. वेगळा स्पीकर लावा आणि तास सुरू होण्याआधी शेवटच्या बाकावर बसून ऐकून पाहा. मुलांचे प्रश्न वर्गातल्या शिक्षकाने मायक्रोफोनजवळ जाऊन पुन्हा सांगायचे, नाहीतर पलीकडे फक्त कालवा ऐकू येतो.

प्रत्येक तुकडीची एक फाइल तयार करा, आणि ती कागदावर. वीज किंवा नेट गेलं की संगणकावरच्या फाइलचा उपयोग नाही, आणि संकटात तेच आधी जातं. पहिल्या पानावर मुलांची नावं आणि बसण्याची जागा, तासांच्या वेळा, अडचण आली तर कुणाला बोलवायचं, कुणाला दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास आहे आणि औषध कुठे ठेवलंय, कोणत्या मुलाला न्यायला कोण येतं, आणि वर्गाची घडी माहीत असलेल्या दोन मुलांची नावं. दुसऱ्या पानावर प्रत्येक विषय पाठ्यपुस्तकाच्या कोणत्या पानापर्यंत आला, दर शुक्रवारी तारीख घालून. त्यामागे प्रत्येक विषयाची पाच कार्डं, कोणत्याही क्रमाने घेता येतील अशी.

कार्डावर ४० मिनिटांची वाटणी लिहून ठेवा: ५ मिनिटं मागची आठवण, १० मिनिटं एक सोडवलेलं उदाहरण, १५ मिनिटं सराव, ७ मिनिटं तपासणी, ३ मिनिटं नोंद. उत्तरं हवीतच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलं कुठे चुकणार ते लिहा. उदाहरणार्थ, २/३ + १/४ चं उत्तर अनेक जण ३/७ काढतील, वरचे वर आणि खालचे खाली मिळवून. त्यापुढे बदली शिक्षकाने विचारायचा प्रश्न: ‘३/७ हे निम्म्याहून कमी आहे आणि २/३ निम्म्याहून जास्त. मग मिळवल्यावर संख्या घटली कशी?’ मग बाराचे भाग करून ८/१२ आणि ३/१२, मिळून ११/१२. असं कार्ड हातात असलं की गणिताचा नसलेला माणूसही तास नीट घेतो.

तास संपला की बदली शिक्षकाने तीन ओळी लिहायच्या: कुठवर झालं, कोण अडलं, आणि सांगण्यासारखं काय घडलं. ही तीन ओळींची नोंद मला सगळ्या फाइलपेक्षा मोलाची वाटते. ती नसेल तर परतलेला शिक्षक अंदाजाने सुरुवात करतो.

बदली म्हणून आधी शाळेतलेच शिक्षक घ्या, पण एकाला आठवड्यात दोन-तीनपेक्षा जास्त जादा तास नकोत, नाहीतर पुढचा आजारी तोच पडतो. नंतर निवृत्त शिक्षक, शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी. ओळख आणि पूर्वचौकशी आधीच पूर्ण करून यादी तयार ठेवा. घाईत कुणालाही मुलांसमोर उभं करू नका. आणि एका तुकडीला किमान आठवडाभर तोच माणूस द्या, विशेषतः लहान वर्गांना.

अभ्यासक्रमाला कात्री लावावीच लागेल, आणि ती पहिल्याच आठवड्यात लावा. ज्यावर पुढचं उभं राहतं ते ठेवा: वाचन, लेखन, संख्या आणि क्रिया, विज्ञानातल्या मूळ कल्पना. बाकीचं पुढच्या वर्षी.

शाळा पुन्हा उघडल्यावर काय करता, यावर बरंच ठरतं. २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानातल्या बाधित भागात शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी पाहिलं तेव्हा तिथली मुलं सुमारे दीड इयत्ता मागे होती. बंदीपेक्षा पिछाडी कितीतरी मोठी. अभ्यासकांच्या मते याचं एक संभाव्य कारण असं: मुलं परतली, पण वर्ग त्यांच्यासाठी थांबला नाही. म्हणून उघडल्यावर लगेच परीक्षा लावू नका. प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद वाचून घ्या, चार गणितं सोडवून घ्या, आणि काही महिने रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करा. फोनच्या वहीतल्या नोंदी इथे कामाला येतात.

तोवर दर शुक्रवारी तीन आकडे पाहा: किती मुलांशी बोलणं झालं, किती जणांचं काम परत आलं, किती जणांचा पत्ता नाही. तिसऱ्या यादीत एकच नाव सलग दोन आठवडे दिसलं तर पुन्हा फोन करत बसू नका, त्या घरी माणूस पाठवा.